हितं काय कमी हाय?

संघपाल शिवशरण सरांच्या वर्गात ‘भाषेचे सौंदर्य वाढते’ असं उत्तर लिहिणाऱ्याला भोपळा ठरलेला. “सौंदर्य वाढवायला लेखकाचं काय ब्युटी पार्लर आहे?” असं म्हणून ते टेबलावर खडू आपटत. लेखकानं इथं प्रश्नच का विचारला, तेच शब्द पुन्हा का घातले, त्याला वाचणाऱ्याकडून काय हवंय, ते सांगा! चिंचोळी एमआयडीसीजवळच्या त्या शाळेत उताऱ्यावरचे प्रश्न एवढे मनावर घेणारा दुसरा मास्तर नव्हता. माणूस जरा हेकट, पण शिकवताना जीव ओतायचा.

घरी मात्र सर मितभाषी. त्यांची आई नागूबाई केम या गावी एकटीच राहायची. दर रविवारी तिला फोन करून “सोलापूरला येतेस का?” एवढं विचारायचे. ती म्हणायची, “मी कशाला यू? हितं काय कमी हाय?” आई सुखात आहे असं समजून सर फोन ठेवायचे. सोलापुरात दोन खोल्यांत घरची चौघं राहत असल्यामुळं तसं समजणं सोयीचंही होतं.

सहामाहीला नववीसाठी त्यांनी स्वतःच उतारा लिहिला. गावात एकटी म्हातारी, लेक शहरात. तिच्या तोंडी आईचंच वाक्य घातलं, तेही तीनदा. खाली प्रश्न : म्हातारी पुन्हा पुन्हा असे का विचारते? आदर्श उत्तरही तयार होतं : ‘काहीच कमी नाही’ हे ती ठासून सांगते, त्यातून तिचे समाधान दिसते.

बुधवारी संध्याकाळी सर पेपर तपासायला बसले. पहिल्यानं लिहिलं होतं, ‘तिला करमत नाही.’ शून्य. दुसऱ्यानं, ‘मुलाने हट्ट करावा म्हणून.’ शून्य. पुढच्या पेपरांतही तसंच काहीतरी. सगळा वर्गच एकमेकांचं बघून लिहितोय की काय, म्हणून सरांचा पारा चढला. मग वैष्णवीचा पेपर आला. ‘माझी आजी माढ्याला असते. तीपण असंच म्हणते. पप्पा नुसतं ये म्हणतात, न्यायला जात नाहीत.’

निम्म्या वर्गाचे आईबाप म्हातारी माणसं गावाकडं ठेवून कारखान्यात कामाला आलेले. हे वाक्य ऐकतच ती पोरं मोठी झाली होती. सरांनी पेन खाली ठेवलं. त्यांना लाज वाटली, आणि आईची फार आठवण आली. त्यांनी फोन लावला.

“आज कसा रं फोन? सगळी बरी हायती न्हवं?” नागूबाई घाबरली.

“बरी हायती. तुला न्यायला येतोय.”

“मी कशाला यू? हितं काय कमी…”

“तुला नसंल. मला हाय की, आई.”

 

“बोचकं कवाधरनं बांधून ठिवलंय,” नागूबाई म्हणाली. “कवा येतूस?”