मलूल म्हटलं की

मी ओतूरची, भर बाजारपेठेतली. माझ्या माहेरी सगळेच 'मलूल' हा शब्द खिरापतीसारखा वाटत सुटायचे. गुलाब मलूल, तापातलं पोर मलूल, लाइट गेली की सगळी आळी मलूल. लग्न होऊन अवसरीच्या या मेंढपाळांच्या घरात आले आणि जीभ आवरायला शिकले. माझ्या सासूबाई, भिमाबाई, यांना मी आत्याबाई म्हणते. त्यांच्या तोंडी साडी विटते, तांब्या काळवंडतो, सकाळचा चंद्र फिका पडतो. मलूल होतं ते फक्त मेंढरू.

पहाटे शेतावर धुकं असतं, त्यात लोकरीचा ओलसर वास तरंगत असतो, आणि आपण जागे आहोत की नाही तेच कळत नाही. वाघरीच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, तोंडाशी उभ्या राहून आत्याबाई एकेक मेंढरू डोळ्यांत बघून बाहेर सोडतात. डोळा लकाकला तर जा. नाहीतर त्या हळूच म्हणतात, "मलूल हाय." मलूल म्हटलं की त्या जनावरानं चालायचं नाही, लिंबाखाली बसायचं. यावर कुणी हुज्जत घालत नाही. उभ्या गावाशी भांडणारे माझे सासरे धर्माजी, आमचे मामंजी, तेही नाहीत.

दिवाळी झाली की मामंजी कळप घेऊन कोकणात उतरतात. जन्मात एक खेप चुकली नव्हती. यंदा नुकतेच तापातून उठलेले, तरी पटका बांधून, काठी घेऊन शेवटच्या मेंढरामागं निघाले. आत्याबाईंनी हात आडवा धरला.

"मलूल हाय."

मामंजी कळपाकडे वळले. "कंचं?"

आत्याबाई मामंजींच्याच डोळ्यांत बघत राहिल्या.

"नीट बगून बोल," मामंजी म्हणाले.

"कवाधरनं तेच तर बगती."

मग मामंजींनी काठी माझ्या नवऱ्याच्या, भरतच्या हातात दिली आणि लिंबाखाली जाऊन बसले. भरतनं शीळ घातली. मेंढरं धुक्यात माना वर करून उभीच. काही केल्या पाय उचलेनात.

तेव्हा मामंजींनी बसल्या जागेवरून हाळी दिली. "हिर्र... हिर्र..."

कळप चालू लागला. दिसेनासा झाला तरी ते हाळी देतच होते.