शिव्यांना भाडं कशाला?

द्वारकाबाईंचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. निवृत्त झाल्यापासून पहिल्या पाळीची बस त्यांच्यासाठी थांबत नव्हती, तरी डोळा तेव्हाच उघडे. बजाजनगरचं घर झोपलेलं असे. बाई चहा ठेवत आणि मोबाइलमध्ये शिव्या लिहीत.

त्याला कारण होतं. वाळूजच्या कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं कानशीनं लोखंडी भागांच्या कडा घासल्या. मशीनच्या गोंगाटात सुपरवायझरपासून देवापर्यंत सगळ्यांना पोटभर शिव्या घातल्या. शेजारणीलाही ऐकू गेल्या नाहीत. घरात मात्र चमचा पडला तरी माणसं वळून बघत. म्हणून मोबाइल.

एकदा त्यांनी लिहिलं, सूनबाई भाजीत मीठ टाकते की मिठात भाजी? दुसऱ्या दिवशी मीठ बेताचं. मग लिहिलं, इंद्रजीत लेकाचा दार आपटतो. दार हळू लागायला लागलं. बाईंना वाटलं, देवाला उशिरा का होईना लाज वाटली. पण माल तपासल्याशिवाय पुढं ढकलायची सवय नव्हती. त्यांनी लिहिलं, जिलेबीची चव विसरले, आता मेल्यावरच आणतील.

संध्याकाळी जिलेबी आली.

बाईंनी आधी ती संपवली. मग चिडल्या.

"व्हय रं, माझं लिहिलेलं वाचतो काय?"

इंद्रजीतनं कान खाजवला. "आई, फोन माझाच जुना हाय. आत खातं माझं. तू लिहिलं की माझ्याकडं येतंय."

"आन् सोनिया?"

"ती तर चहासंगं वाचती."

आतून सून म्हणाली, "मीठ आता बरंय ना, आत्याबाई?"

दुसऱ्या दिवशी बाई अमिनाकडं गेल्या. कारखान्यातली ही जुनी जोडीदारीण आता नवऱ्याच्या मोबाइलच्या दुकानात बसे.

"असं ॲप दे, जे मी सोडून कुणी वाचणार नाय."

पहिल्यानं फोन नंबर मागितला. दुसऱ्यानं लोकेशन.

"शिव्या कुठं बसून दिल्या, याच्याशी ह्याला काय करायचं?"

तिसरं आठवडाभर फुकट, पुढं दर वर्षी पैसे.

"माझ्याच शिव्या वाचायला मी भाडं भरू?"

"तेरी गालियां हैच इतनी भारी," अमिना म्हणाली. "गोडाऊन लगेगा."

चौथं साधं निघालं. नाव नको, खातं नको, पैसे नकोत. बाईंनी नेट बंद करून लिहिलं, ॲप बंद केलं, परत उघडलं. चाललं.

"लेकिन फोन तो बेटे का है," अमिना म्हणाली. "बॅकअप उसकेच खाते में जाएगा."

म्हणजे मेहनत पाण्यात.

जुना फोन बाई सोडणार नव्हत्या. जिलेबी त्याच्यावर येत होती. शिव्यांना मात्र वेगळा हवा. घरचे म्हणत होते, ग्रॅच्युइटीतून काशीला जाऊन या. बाईंनी त्यातून अमिनाच्याच दुकानातून फोन घेतला, कुणाचंच खातं न घातलेला, कुलूप लावलेला. पहाटे साडेचारला त्यात पहिली शिवी पडली ती अमिनाला. तिनं कव्हरचे पैसे वेगळे लावले होते.