दार लावून केलेला प्रथमोपचार

हे तुम्हाला सांगू की नको, याचा मी खूप विचार केला. पण आमच्या चाळीत सगळ्यांना माहीत आहे, शाळेत सगळ्यांना माहीत आहे, अँटॉप हिलच्या माझ्या नणंदेमुळे तिच्या अख्ख्या कॉलनीला माहीत आहे. मग तुम्हीच माझं काय घोडं मारलंय? घ्या, चहा घ्या. आणि हसायचं असेल तर आधीच हसून घ्या हां. मध्ये हसलात तर मला पुढचं सांगता यायचं नाही.

मी लालबागच्या एका मराठी शाळेत शिकवते. विषय मराठी. स्वभाव धास्तीखोर. म्हणजे कशी, तर मोठ्या बाईंनी नुसतं "सावंत बाई" अशी हाक मारली तरी मला आधी घाम फुटतो, मग मी "हो" म्हणते. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. बोलायला मऊ, पण बघायला लागल्या की माणूस न केलेल्या चुकासुद्धा कबूल करतो.

त्यातून यंदा पटावरची मुलं कमी झाली. मुलं कमी झाली की एक शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो, त्याचं नाव मोठ्या बाई कळवतात आणि सरकार त्याला जागा असेल तिथे पाठवून देतं. आणि आमच्यात सगळ्यात नवीन कोण? मीच! नवऱ्याची नोकरी वरळीला, सासरे घरी, आणि मी कुठल्या टोकाला जाऊन शिकवू हो? माझी झोप उडाली.

तेवढ्यात मोठ्या बाईंनी टूम काढली. प्रत्येक विषयाचे छोटे छोटे व्हिडिओ करायचे, तीन-चार मिनिटांचे. वर्गात दाखवायचे, पालकांना पाठवायचे. पालक खूश झाले तर चार मुलं वाढतील. बाकीचे शिक्षक एकमेकांकडे बघायला लागले. मी मात्र उभी राहिले. "बाई, मी करते." "मराठीचे?" "सगळ्या विषयांचे!"

हिशेब सरळ होता. जिच्याकडे सगळेच विषय, तिला अतिरिक्त कोण म्हणणार?

झालं, घराचा स्टुडिओ झाला. ग्रहणासाठी लिंबू आणि नारळ घेतला. अपूर्णांकांसाठी भाकरीचे चार तुकडे केले, तर शिकवता शिकवता आबांनी त्यातला एक उचलून खाल्ला. आबा म्हणजे माझे सासरे. गिरणीत होते, आणि गिरणीतल्या कामगारांच्या नाटकांत कामं करायचे. कॅमेरा दिसला की त्यांच्या अंगात येतं. तो भाकरीचा व्हिडिओ मुलांना इतका आवडला की मोठ्या बाई म्हणाल्या, "शनिवारी संध्याकाळी पालकसभा आहे. मोठ्या टीव्हीवर तुमचा नवा व्हिडिओ दाखवू. प्रथमोपचार घ्या. चांगला व्हायला हवा हं, सगळं त्याच्यावर आहे."

सगळं त्याच्यावर आहे! हे असं कुणी मला सांगावं का? शनिवारी सकाळची शाळा सुटली तशी मी धावतच घरी आले.

आबांना म्हटलं, "आबा, तुम्ही बेशुद्ध माणूस व्हायचं."

"माका शिकवू नको गो. नाटकात कितीदा मेलंय मी!"

"मरायचं नाही हो, नुसतं बेशुद्ध."

"ता एकच. तू कट म्हणीपर्यंत मी हलूचंय नाय."

आमची फरशी कॅमेऱ्यात कळकट दिसते, म्हणून खाली पांढरी चादर अंथरली. आबा तिच्यावर उताणे झाले, हात सरळ, चेहरा असा शांत की क्षणभर माझंच काळीज हललं. फोन पुस्तकांच्या थप्पीवर उभा केला. मध्ये कुणाचा कॉल येऊ नये म्हणून फ्लाइट मोडवर टाकला. आणि आवाज येऊ नये म्हणून दार लावून घेतलं.

इथेच चुकलं माझं! तुम्ही चाळीत राहिला असाल तर कळलं असेल. आमच्याकडे सकाळी उघडलेलं दार रात्री निजताना लागतं. भरदुपारी दार लावायचं तर शेजारी सांगून लावतात, नाहीतर आत काहीतरी घडलंय असंच धरतात. लग्न होऊन एवढी वर्षं झाली, मला हे ठाऊक नव्हतं का? होतं. पण डोक्यात फक्त पालकसभा!

पहिल्यांदा मी वाक्य विसरले. मग कावळा ओरडला. मग आबांच्या छातीवर हात कुठे टेकवायचा ते चुकलं. खाली सत्यनारायणाच्या पूजेचा स्पीकर चालूच. शेवटी मी आबांच्या उशाशी बसले, पदराने घाम पुसला आणि वैतागून म्हटलं, "काय हो हे आबा, आजच व्हायचं होतं का असं?" आबा हूं नाहीत की चूं नाहीत. मी कट म्हटलं नव्हतं ना!

नेमक्या त्याच वेळी शेजारच्या परबकाकू गॅलरीतल्या खिडकीच्या फटीतून बघत होत्या. हे मला नंतर कळलं. मला तेव्हा फक्त टकटक ऐकू आली. दार बोटभर उघडलं, तर काकूंचा चेहरा रडवेला.

"सुप्रिया, अगं... मी येऊ का आत?"

मी मनात म्हटलं, आल्या गप्पा मारायला. "आत्ता नको हां काकू. आबांना नीट निजवलंय, आता कुणी हलवायला नको. तुमच्याकडे कापूस आहे का थोडा?" पुढच्या भागात जखमेवरची पट्टी दाखवायची होती हो! काकूंनी कापूस आणून दिला. माझ्या गालावरून हात फिरवला. मला वाटलं, किती माया करतात!

आणि मग चमत्कार झाला. खालचा स्पीकर बंद. पोरांचं क्रिकेट बंद. कुणाच्या कुकरची शिटी नाही, बादलीचा आवाज नाही. मला इतकं भरून आलं! म्हटलं, काकूंनी सगळ्यांना रेकॉर्डिंगचं सांगितलेलं दिसतंय. खिडकी उघडून बघते तर सगळी चाळ गॅलरीत उभी, माझ्याकडे बघतेय. अंगणात खुर्च्या मांडताहेत, पूजेच्या असतील. आमचे बाळाभाऊ, म्हणजे चाळीत कुणी गेलं की पुढचं सगळं बघणारे, फोनवर बांबूचं काहीतरी बोलत होते. मंडपाचे असतील.

मी हात जोडले. मोठ्याने म्हटलं, "सगळ्यांचे आभार हां! एवढं सहकार्य केलंत. पाचच मिनिटं, आबांचं उरकतेच. मग जरा भूगोल घेते!"

एक बाई डोळ्याला पदर लावून आत गेली. बाळाभाऊ हळूच कुणाला तरी म्हणाले, "शॉक बसलाय तिला. एकटी सोडू नका. मी डॉक्टरना घेऊन येतो." तेही मला ऐकू आलं, पण माझं लक्ष घड्याळाकडे. मी खिडकी लावली आणि पुन्हा रेकॉर्डिंग सुरू केलं.

आणखी दोन-तीनदा चुकले, पण मग सगळं इतकं छान जमत होतं! "बेशुद्ध माणसाभोवती गर्दी करू नका. तोंडात पाणी ओतू नका. कांदा हुंगवू नका. घाबरू नका..." आणि दारावर धाडधाड!

उघडते तर नवरा! वरळीहून टॅक्सीने आलेला, डोळे लाल. मागे नणंद, मागे परबकाकू, मागे गॅलरीभर माणसं. आणि या सगळ्यांच्या मागून, हातात हार घेऊन, मोठ्या बाई.

खरं सांगते, मला नवरा दिसलाच नाही. मला मोठ्या बाईच दिसल्या. चाळीतल्या कुणा पालकाने त्यांना कळवलं होतं, हे मला काय माहीत! मला वाटलं, व्हिडिओ आला नाही म्हणून स्वतः घरी आल्या. संपलं सगळं.

"बाई, झालंच हो! आबांचं एवढं आटपलं की लगेच पाठवते!"

मोठ्या बाईंनी माझा हात धरला. "सावंत बाई, आता कसला व्हिडिओ? मी आजची सभा रद्द केली."

"रद्द?" मी किंचाळलेच. "बाई, असं करू नका हो! मग माझं काय होणार?"

त्यावर सगळी गॅलरी हुंदके द्यायला लागली. माझ्या नवऱ्याला राहवलं नाही. तो आत धावला आणि "आबा!" म्हणून त्यांच्या पायांवर कोसळला.

आता आबांना तळपायाला फार गुदगुल्या होतात.

"अरे, पाय सोड मेल्या!" म्हणत आबा ताडकन उठून बसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कट म्हटलंस काय गो? माका वाटला, तू गर्दीचो सीन घेतलंस!"

नणंद किंचाळली. परबकाकूंनी देवाचं नाव घेतलं. आणि मोठ्या बाई? हारासकट धाडकन आडव्या झाल्या, आमच्या पांढऱ्या चादरीवर, आबांच्या शेजारीच!

अहो, ज्यांच्या हातात माझी नोकरी, त्या माझ्याच घरात बेशुद्ध! दुपारभर मी जे घोकत होते त्यातलं एक अक्षर आठवेना. मी ओरडायला लागले, "या, या, सगळे आत या! पाणी आणा! कांदा फोडा कुणीतरी!" सगळी चाळ दहा बाय दहाच्या खोलीत. मी मोठ्या बाईंच्या तोंडावर तांब्या उपडा केला. थोडं तोंडात गेलं. नाकाला कांदा लावला. खांदे धरून गदागदा हलवलं आणि कानाशी ओरडले, "बाई, उठा हो! मला अतिरिक्त करू नका!"

कांद्यामुळे म्हणा, ठसक्यामुळे म्हणा, मोठ्या बाई उठल्या. जीव वाचवायला उठल्या असाव्यात. तेवढ्यात बाळाभाऊ डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टरांनी विचारलं, "गेलंय कोण?" आबांनी तो हार स्वतःच गळ्यात घातला आणि सगळ्यांना चहा सांगितला. परबकाकू मात्र मला फाडफाड बोलल्या. "दुपारची दारं लावतात का गं? लावायचीच होती तर सांगून लावायचीस!" मी नुसती रडत होते.

मोठ्या बाई ओल्या साडीत निघाल्या. दारात थांबून एवढंच म्हणाल्या, "सभा आता सोमवारी. व्हिडिओ आजच पाठवा."

मी इतकी घाबरले होते की त्या जिना उतरायच्या आत फोन फ्लाइट मोडवरून काढला आणि शेवटचं रेकॉर्डिंग पाठवून दिलं. बघितलंसुद्धा नाही. धाडधाड होण्याआधी छान जमलं होतं ना! पण धाडधाड झाल्यावर मी ते बंद केलं होतं का, हा विचार मला रविवारीही शिवला नाही.

मोठ्या बाईंनीही बघितलं नव्हतं. सोमवारी सगळ्या पालकांसमोर, मोठ्या टीव्हीवर, आम्ही दोघींनी ते एकदमच बघितलं. आधी मी शांतपणे सांगतेय, पाणी ओतू नका. मग मी ओततेय. मग सांगतेय, कांदा हुंगवू नका. मग कांदा! सगळंच्या सगळं, शेवटी "मला अतिरिक्त करू नका"सकट. मी टेबलाखाली जायची जागा शोधत होते. पालक मात्र डोळे पुसून पुसून हसत होते. एक बाबा उठून म्हणाले, "काय करायचं ते सगळेच शिकवतात हो. काय करू नये ते इतकं नीट आम्ही पहिल्यांदाच बघितलं. माझ्या पुतण्याचं नाव घाला या शाळेत."

सभा संपल्यावर मोठ्या बाईंनी बोलावलं. घाम फुटला, मग मी "हो" म्हटलं. त्या म्हणाल्या, "सावंत बाई, तुम्हाला कुठे पाठवत नाही मी. आता प्रत्येक विषयाचे दोन व्हिडिओ करू. एकात बरोबर पद्धत, ती बाकीचे शिक्षक करतील. दुसऱ्यात 'असं करू नये'. तो तुमचा."

सुटले हो! देवाला नारळ फोडला. पण माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मनात आलं, नुसत्या चुकाच करून दाखवत राहिले तर उद्या म्हणतील, या बाईला येतं तरी काय? म्हणून परवा मी गुपचूप गणिताचा एक अगदी बरोबर व्हिडिओ केला. अभ्यास करून, सगळी पुस्तकं समोर ठेवून, शेजारी सांगून दार लावून. मोठ्या बाईंना पाठवला.

त्यांचा लगेच फोन आला. "वा, सावंत बाई! मुलं नेमकं असंच चुकतात!"