डाव्या मनगटावरची पट्टी

माझ्या थोरल्या भावाने मला फसवलं. आमची आई अकरा दिवस दवाखान्यात होती आणि त्याने मला कळू दिलं नाही. वहिनीने त्याला साथ दिली. हे मला आधी कोणत्याही माणसाने सांगितलं नाही... एका फोटोने सांगितलं. आणि तो फोटो कोणी काढलेलाच नव्हता. मीच माझ्या दुकानात, भर दुपारी, कॉम्प्युटरवर बनवला होता.

या ग्रुपवर लोक वळणावरच्या बाईचे, बंद खोलीतल्या आवाजांचे अनुभव लिहितात. मी चहा पिता पिता वाचतो आणि हसतो. भूतखेत, बाहेरचं, यावर माझा कधीच विश्वास नव्हता. हातात घेऊन, उलटसुलट करून भाव विचारता येत नाही ती वस्तू माझ्यासाठी नाहीच. आजही विश्वास बसलाय असं म्हणणार नाही. जे झालं ते क्रमाने लिहितो.

सिल्वासात टोकरखाड्याला माझं फोटो आणि फ्रेमचं दुकान आहे. मूळ गाव साक्री तालुक्यात. एकोणीस वर्षांपूर्वी इथून जवळच्या सायली गावातल्या एका धाग्याच्या कंपनीत बारा तासांची पाळी करायला आलो. चार वर्षं कानात मशीनचा आवाज घेऊन झोपलो, मग एक जुना कॅमेरा मिळवून पासपोर्ट फोटो काढायला लागलो. मला कोणी उभं केलं नाही. वापीचे फ्रेमवाले शेठ मला दारात बघितलं की हात जोडतात – "भाई, तमे रहेवा दो, हुं ज ओछुं करी दउं छुं." म्हणजे तुम्ही तोंड उघडूच नका, मीच कमी करतो. माझं डोकं लवकर तापतं हेही खरं आहे. लपवत नाही.

दुकानातलं निम्मं काम गेलेल्या माणसांच्या फोटोंचं. लोकांकडे बापाचा धड एक फोटो नसतो. लग्नातल्या गर्दीत कुठेतरी टोपी दिसत असते, तेवढं घेऊन येतात आणि म्हणतात, यातून मोठा करून द्या, दहाव्याला हवाय. आधी एका फोटोत अख्खा दिवस जायचा. आता दोन वर्षं झाली, एआयवर करतो.

लोकांना वाटतं बटण दाबलं की झालं. तसं नसतं, प्रॉम्प्टमध्ये काय लिहिता त्यावर सगळं आहे. "फोटो छान कर" लिहिलं तर ते म्हाताऱ्याला गुळगुळीत करून देतं आणि घरचे म्हणतात, हा आमचा बाप नाही. म्हणून आधी काय जसंच्या तसं ठेवायचं ते सांगायचं – सुरकुत्या, तीळ, पडलेला दात. मग काय बदलायचं ते, आणि एका वेळी एकच. उजेड कोणत्या बाजूने, मागे काय, हात कुठे, सगळं उघड लिहायचं. आणि जे नको त्याचं नावच काढायचं नाही. "टोपी नको" लिहिलं की हमखास टोपी येते. "डोकं उघडं, पांढरे विरळ केस" असं लिहायचं. इथल्या दोन स्टुडिओवाल्यांना मीच हे शिकवलं आहे. तेव्हा पुढे जे झालं ते मला लिहिता आलं नाही म्हणून झालं, असं कोणी म्हणू नये.

आई गेली त्या सकाळी दादाचा फोन आला. घरी आम्ही अहिराणी बोलतो, पण इथे सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत लिहितो. म्हणाला, "नाना, माय गेली. झोपेतच गेली. काही त्रास झाला नाही." मी गावी पोचेपर्यंत अग्नी दिलेला होता. ऊन फार होतं, ठेवता येत नव्हतं, म्हणाला. मला तोंड बघायला मिळालं नाही. मी तेव्हा भांडलोही नाही... नातेवाइकांना त्याचंच जास्त आश्चर्य वाटलं.

वर्षश्राद्धाच्या पंधरा दिवस आधी दादाने एक फोटो पाठवला. तीन वर्षांपूर्वीच्या चुलत बहिणीच्या लग्नातला. नऊ बायका उभ्या आहेत, आई डावीकडून तिसरी, पुढच्या बाईच्या खांद्यामागे. छातीच्या वरची दिसते, उजव्या हाताची बोटं दिसतात. डावा हात त्या फोटोत नाहीच. हे लक्षात ठेवा.

"बाबांच्या जोडीचा कर," दादा म्हणाला. "तसाच खुर्चीत बसलेला." बाबा जाऊन सात वर्षं झाली. त्यांचा फोटो घरात भिंतीवर आहे, खुर्चीत, दोन्ही हात गुडघ्यांवर. म्हणजे आईचे हात नव्याने बनवणं भाग होतं.

मी प्रॉम्प्ट लिहिला – "डावीकडून तिसऱ्या बाईचा चेहरा जसाच्या तसा ठेव. कपाळावरचं गोंदण, उजव्या गालावरचा तीळ, डोळ्यांखालच्या सुरकुत्या तशाच. बाई एकटी लाकडी खुर्चीत बसलेली. फिकट निळं लुगडं, डोक्यावरून पदर. दोन्ही हात गुडघ्यांवर. मागे साधा राखाडी पडदा. उजेड डाव्या खिडकीतून, मऊ."

चेहरा पहिल्याच वेळी आला. हुबेहूब आई. मी बराच वेळ बघत बसलो. काही वाटलं नाही... दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात तेव्हा गाल आपला राहत नाही, तसं आतून झालं होतं. मग हाताकडे लक्ष गेलं. डाव्या मनगटावर पांढरी पट्टी होती.

वाटलं, एआयने बांगडी म्हणून काहीतरी बनवलं असेल. बाबा गेल्यापासून आईने हातात काही घातलं नव्हतं. मी लिहिलं – "दोन्ही मनगटं मोकळी, सुरकुतलेली साधी त्वचा." पट्टी आलीच. "पोलक्याची बाही मनगटापर्यंत." बाही आली, पण डावी जरा वर सरकलेली आणि खाली पट्टी. "डावा हात पदराखाली." पदर आला, त्यातून मनगट बाहेर. शेवटी मी हाताने ब्रश फिरवून पट्टी पुसली आणि फक्त उजेड सारखा करायला तो फोटो परत टाकला. पट्टी परत आली. दुसऱ्या कंपनीचं टूल उघडलं, मूळ फोटो, नवीन प्रॉम्प्ट... तीच पट्टी, त्याच मनगटावर.

माझ्याशी एवढं कोणी अडून बसलं की मी टेबलावर हात आपटतो. त्या दिवशी हात उचललाच नाही.

तेवढ्यात सावंत बाई आल्या. कोकणातल्या, इथे सरकारी शाळेत शिकवतात. गेलेल्या यजमानांच्या फोटोची फ्रेम करायला टाकली होती, ती न्यायला आल्या होत्या.

"काय हो, आज आरडाओरडा नाही? मला वाटलं दुकान बंद आहे."

"बाई, जरा इकडे या. हातात काय आहे सांगा."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि स्क्रीनजवळ वाकल्या. "दवाखान्यातली पट्टी. पेशंटचं नाव लिहितात ती. आमच्या ह्यांच्या हाताला होती की. पण पिनेने का लावलीय? तिला तर बटण असतं."

मी मोठं करून बघितलं. पट्टी दुमडून घट्ट केलेली आणि त्यावर छोटी सेफ्टी पिन. मी तिथे पिन लिहिली नव्हती, पट्टीही लिहिली नव्हती.

"कोण आहेत या?"

"आई."

"कुठल्या दवाखान्यात होत्या?"

"नव्हती. झोपेत गेली."

मी बाईंसमोरच त्यांच्या यजमानांचा फोटो तशाच प्रॉम्प्टमध्ये टाकला – खुर्ची, पडदा, हात गुडघ्यांवर. हा माणूस तर खरोखर दवाखान्यातच वारलेला. दोन्ही मनगटं स्वच्छ आली. तीनदा केलं. बाई म्हणाल्या, "पुरे." पिशवीत फ्रेम ठेवली आणि दारातून वळून म्हणाल्या, "वस्तू हातात आली की आधी चौकशी करता तुम्ही. आई झोपेत गेली म्हणे, त्याची केली का चौकशी?"

दादा दुपारी शेतात असतो. मी वहिनीला फोन लावला. धंद्यातली एक सवय आहे – समोरच्याकडून खरं काढायचं असेल तर आहे की नाही असं विचारायचं नाही. आपल्याला सगळं माहीत आहे असं धरून पुढचं विचारायचं.

म्हटलं, "वहिनी, मायच्या हातातल्या पट्टीला पिन का लावली होती?"

"मोठी होत होती ना, नाना. हात किती वाळला होता त्यांचा... सारखी निसटायची, नर्स ओरडायची. मग मी माझ्या बांगडीतली पिन काढून लावली." आमच्याकडे बायका बांगडीत दोन-चार पिना अडकवूनच ठेवतात. एवढं बोलून ती थांबली. मग हळूच म्हणाली, "तुले कोनी सांगं?"

"किती दिवस होती?"

"अकरा."

"माझं नाव काढलं का?"

"रोज. नाना उना का, म्हणायच्या."

नाना आला का.

दादा तेवढ्यात जेवायला घरी आला असावा, फोन त्याने घेतला. मी ओरडलो नाही. एवढंच म्हटलं की आई जायच्या आधीच्या दोन रविवारी मी फोन केला होता. एकदा तू म्हणालास आंघोळीला गेली, एकदा म्हणालास देवळात गेली.

"मायनेच सांगितलं होतं," तो म्हणाला. "नानाला कळवू नको. बाबांच्या वेळी तू डॉक्टरची कॉलर धरलीस. त्यानंतर दोन दिवस नर्स बाबांच्या खाटेकडे फिरकली नाही, विसरलास? माय म्हणाली, तो आला की मलाही तसंच पडून राहावं लागेल."

कॉलर मी धरली होती. सलाईन संपून तास झाला होता आणि कोणी येत नव्हतं. नाकारत नाही.

मी फोन ठेवला. समोर एक माणूस पासपोर्ट फोटोसाठी थांबला होता. त्याचे आठ फोटो कापून दिले, कडा सरळ आल्या.

पट्टी पुसायचा प्रयत्न मी परत केला नाही. तशीच प्रिंट काढली, बाबांच्या मापाची फ्रेम केली आणि वर्षश्राद्धाला गावी घेऊन गेलो. मनात होतं की चारचौघांत दादाच्या हातात द्यायची आणि त्याचं तोंड बघायचं. बघितलं. त्याने फ्रेम हातात घेतली, अंगठा मनगटावर फिरवला आणि मला बाजूला नेऊन विचारलं, "हा फोटो तिथे कोणी काढला? फोन तर माझ्याच खिशात होता."

मी म्हटलं, मी बनवलाय. तो मान हलवत राहिला. त्याला ते पटलं नाही. अजूनही तो गावातल्या कोणावर तरी संशय घेऊन आहे की मला चोरून फोटो पाठवला. वहिनीने काच पदराने पुसली आणि आईला बाबांच्या शेजारी लावलं.

टूलवाल्या कंपनीला मी सगळे प्रॉम्प्ट आणि सगळे फोटो पाठवले. उत्तर आलं की हातांच्या बाबतीत अशा चुका होतात. चूक एकदा होते, दोनदा होते. दोन वेगळ्या कंपन्यांची दोन टूलं एकाच मनगटावर, एकच पिन... ते मला समजलेलं नाही. इथे कोणाला खरोखर माहीत असेल तर सांगा. शांती करा वगैरे लिहू नका.

पण त्याआधी दादा, तू. हे वाचून कोणी ना कोणी तुला दाखवेलच. वहिनी म्हणते, माय रोज विचारायची नाना आला का. तू म्हणतोस, तिनेच सांगितलं कळवू नको. एकच खोली, एकच खाट, आणि तिथे तुम्ही दोघंच होता. ती माझी वाट बघत होती की मला घाबरत होती? जे खरं असेल ते वहिनीसमोर बसून मला सांग. मी मध्ये बोलणार नाही, आवाज चढवणार नाही. पण उत्तर तुलाच द्यावं लागेल.