मावशीच्या धवल्यांचं रेकॉर्डिंग

एडवणला मावशीच्या घरी राहून मी पालघरला कॉलेज केलं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, आणि त्यात तिच्या हातच्या डब्याचा वाटा मोठा. धवले, म्हणजे लग्नातली विधीची गाणी, गावात तीच म्हणायची. आजारी पडल्यावर ती म्हणाली, "माझे धवले भरून ठेव. पोरीच्या हळदीला वाजव." मी तिला बोईसरला, मी काम करतो त्या छोट्या स्टुडिओत नेलं.

आधी मी नुसत्या चाचणीपुरता आवाज जसाच्या तसा घेतला. हेडफोनवर तो ऐकून तिने तोंड वाकडं केलं.

"ही कोण म्हातारी? मी नाय गात."

मग मी माइक आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये कंप्रेसर लावला. चढा आवाज तो दाबतो, मग सगळंच एका पातळीवर उचलता येतं. तिचा दमलेला गळा भरदार वाटू लागला.

"हां, ही मी."

स्टुडिओचे मालक म्हणाले, "मिक्सिंग में दबा लेना. अभी दबाया तो वापस नहीं आएगा."

भरतानाच दाबलेला चढउतार नंतर परत मिळत नाही, हे मला पटत होतं. पण साधा आवाज भरायचा आणि तिला कानात भरदार ऐकवायचा, अशी सोय आमच्याकडे नव्हती. ती दुपारभर गायली. पंखा बंद होता. निघताना म्हणाली, "एवढ्या घामात भाताची लावणी झाली असती."

पावसाळा सरता सरता ती गेली.

मावसबहिणीच्या हळदीला मी मांडवात रेकॉर्डिंग लावलं. सगळ्यांचे डोळे भरून आले. पण बायका गोंधळल्या. आमच्याकडे मुख्य गाणारी ओळीच्या शेवटी आवाज खाली सोडते, तो उतरला की बाकीच्या ओळ उचलतात. इथे आवाज उतरतच नव्हता. कोणी आधी शिरलं, कोणी मागून.

"बाला, आमी घ्यायचं कधी?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

मी ओळीच्या शेवटी आवाज हाताने कमी करून पाहिला. नुसतीच ती लांब गेल्यासारखी वाटली. कुठल्या शब्दापासून ती आवाज सोडायची? इतकी वर्षं तिच्या घरात राहून मला ते सांगता येईना.

"दादा, राहू दे," मावसबहीण म्हणाली.

मी बंद केलं. बायकांनी आठवलं तेवढं म्हटलं आणि हळद लावायला घेतली. सासरी जाताना बहीण म्हणाली, "सवडीने ते नीट करून दे हां." ते आता होणार नाही, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.