गोमेच्या बाटलीवरची चिठ्ठी

उन्हाळ्याची सुट्टी संपत आली होती. उंद्रीच्या स्टँडवर मेहकरच्या एसटीचा कंडक्टर खिडकीतून वाकला अन् म्हणाला, "ड्रॉइंग मास्तर, तुमचे इंगळे सर गेले हो. परवाच. गावीच होते." गाडी निघून गेली. मी पिशवी धरून तिथंच उभा राहिलो. बघणाऱ्यांना वाटलं असेल, मास्तरला धक्का बसला. बसलाच होता. पण त्याच्याही आधी जे मनात आलं, ते लिहायला मला सहा आठवडे लागले... सुटलो, असं वाटलं होतं.

इंगळे सर आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. महाराष्ट्र नवा होता, शाळाही नवी. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, अन् तिच्या नि माझ्या चित्रकलेच्या वर्गाच्या मध्ये नुसता बांबूचा तट्ट्या. त्या कपाटात सर काचेच्या बरण्यांत गोमी पाळत. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीच्या ढिगाखालून चिमट्यानं धरून आणलेल्या, वीतभर लांब, तांबड्या डोक्याच्या. आमचा शिपाई सखाराम विचारायचा, "सर, दूध किती देते हो हे?" सर म्हणत, "तुह्यापेक्षा कमी खाते बे, तेच लय झालं." पावसाळ्यात बरणीत ओल धरली की गोमींना माइट लागत. म्हणजे गोचिडीचीच जात, पण खसखशीएवढी, पांढुरकी. पायांच्या सांध्यांत अन् कुशीवरच्या श्वासाच्या भोकांशी दाटीनं बसणारी. सर माझ्याकडून शून्य नंबरचा ब्रश मागून नेत. गोमेला काचेच्या नळीत अर्धी शिरू देत अन् बाहेर राहिलेल्या अंगावरचा एकेक माइट ओल्या ब्रशानं टिपत. तासन् तास. मग जुनी माती फेकून उन्हात वाळवलेली घालत. "यावर काही औषध नाही का?" मी एकदा विचारलं. "जे माइटले मारते ते हिलेही मारते, मास्तर. कोरडं ठेवा अन् उष्टं काढा, इतकंच औषध." म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायचीही सोय नाही.

त्या श्रावणात एक गोम अंड्यांवर बसली. अंड्यांच्या पुंजक्याभोवती वेटोळं करून, सगळे पाय आत घेऊन, मुठीत काही धरावं तशी. सर तीन पावसाळे याचीच वाट पाहत होते. पिल्लं आईच्या कुशीतून निघताना त्यांना एकदा बघायची होती. अन् नेमका त्यांच्या आईचा निरोप आला, तब्येत बिघडली म्हणून. जाताना बरणी माझ्या हवाली केली. "पाणी टाकू नका. उष्टं झुरळ तेवढं चिमट्यानं काढून घेत जा. तिले हात लावू नका, दचकली तर सोताचीच अंडी खाते." मी हो म्हणालो. पण मला किळस यायची. दोन दिवस मी झाकण उघडलंच नाही. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर झुरळ सडलेलं अन् त्यावरून माइटांची पांढरी रांग थेट गोमेच्या अंगावर चढलेली. सर येतील, काय म्हणतील... आमच्या घरी ढेकणांना डीडीटी, पोरांच्या उवांनाही डीडीटी. मलेरियावाल्यांकडून मागून घेतलेली पुडी घरात होतीच. चिमूटभर भुरभुरवली. चिमूटच होती.

सकाळी तिचं वेटोळं सुटलं होतं. एकाही पायाचा दुसऱ्याशी मेळ नव्हता, सगळे वेगवेगळे थरथरत होते. अर्धी अंडी तिनं खाल्ली होती. दुपारी ती मेली. मग मी काय केलं? त्याच शून्य नंबरच्या ब्रशानं तिच्या अंगावरची पावडर झाडली, माती बदलली, ओली घातली.

सर आले. बरणीपाशी खाली बसले. माती चिमटीत घेऊन म्हणाले, "ओल राहिली होती ना? जातांना मीच पाणी जास्त टाकलं असंन."

"हाव," मी म्हणालो.

एवढाच एक शब्द.

बाकीच्या गोमी त्यांनी नाल्याकाठी सोडून दिल्या, पुन्हा पाळल्या नाहीत. मेलेली फॉर्मॅलिनच्या बाटलीत ठेवली अन् माझ्याकडे आले. "मास्तर, चिठ्ठी तुम्ही लिवा, तुमचं अक्षर चांगलं." त्यांनी सांगितलं ते मी लिहिलं : गोम. मृत्यूचे कारण : अति ओलाव्याने माइट. चूक : इंगळे.

त्यानंतर दरवर्षी आठवीच्या वर्गात ती बाटली निघायची. तट्ट्याच्या अलीकडे मी फळ्यावर जास्वंदीचं फूल काढत असायचो अन् पलीकडून आवाज यायचा, "पोरहो, हे माह्या हातून मेली. चूक झाली तर लपवू नाई, चिठ्ठीवर लिवाव." बारा वर्षं मी हे ऐकलं. मधल्या सुट्टीत आम्ही एकाच किटलीतला चहा प्यायचो.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा नवीन विज्ञान शिक्षकाला मी सगळं सांगितलं. तरुण आहे, अवघडला. म्हणाला, "राहू द्या ना सर, आता काय फरक पडते? अन् अक्षर किती सुंदर आहे."

जुनी चिठ्ठी मी पाण्यानं भिजवून काढली. तोच ब्रश घेतला. नवीन लिहिली : मृत्यूचे कारण : डीडीटी. चूक : ड्रॉइंग मास्तर. शेवटच्या ओळीतलं अक्षर बिघडलं. दुसरा कागद होता समोर.

घेतला नाही. तीच चिकटवली.