वेळलेल्या भाताची पेज

निवृत्तीनंतर माझ्या धाकट्या दिरांना दुसरी नोकरी लागली: मोबाईलवर वाचायचं आणि बायकोला सांगायचं. तांदळात आर्सेनिक असतं आणि कुकरमध्ये ते भातातच राहतं, हे त्यांनी वाचलं त्याच दिवशी कुकर माळ्यावर गेला. भरपूर पाण्यात भात शिजवायचा आणि वरचं पाणी वेळून काढायचं, असा हुकूम निघाला. कारण घरात नात होती. लेक हिंजवडीची नोकरी घरून करत माहेरी राहिली होती आणि बाळाचं नुकतंच उष्टावण झालं होतं.

सल्ला चूक नव्हता. म्हणून तर मला जास्त राग यायचा. उकळतं पातेलं फडक्यात धरून वेळायची माझी जाऊ. वाफेने हात भाजायचे तिचे. भाऊजी दारात उभे राहून आर्सेनिक समजावून सांगायचे. त्या घरात भाताला पाणी किती लागतं, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं होतं.

एका सकाळी मेतकूट द्यायला खाली त्यांच्याकडे गेले. भाऊजी मांडीवर बाळ घेऊन चांदीच्या वाटीतून काहीतरी पांढरट पाजत होते.

"काय देताय भाऊजी?"

"पेज. वेळलेलं पाणी, वर तूप. सगळं सत्त्व यातच उतरतं, वहिनी. टाकायचं कशाला?"

"आणि आर्सेनिक?"

"ते भातात असतं."

"मग वेळल्यावर जातं कुठे?"

"पाण्यात," ते म्हणाले. चमचा हवेतच राहिला.

जाऊ ओट्यापासून धावत आली. "अगं बाई! रोज पाजताहेत हो तिला, ताई!"

"तूप घातलंय मी त्यात," भाऊजी म्हणाले.

इतकं वाचून माणसाने इतकं कमी समजून घ्यावं, याचं मला खरंच कौतुक वाटलं. विष भातातून काढून ते स्वतः निर्धास्त जेवत होते, आणि काढलेलं नातीला चांदीच्या वाटीतून.

मी वाटी उचलली आणि सिंकमध्ये उपडी केली. बाळाने भोकाड पसरलं. जावेला म्हटलं, वेळलेलाच भात वरणात मऊ कुस्कर. पोरीने तो मिटक्या मारत खाल्ला. भाऊजी तोवर मोबाईलमध्ये शिरले होते.

घरी पोचेपर्यंत कुटुंबाच्या ग्रुपवर त्यांचा निरोप आला: 'भाताचं वेळलेलं पाणी लहान मुलांना मुळीच देऊ नये. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं.'

खाली सगळ्यांचे अंगठे होते. जावेचासुद्धा. मी नाही दिला.